ओच्यातली खडी

४ एप्रिल
रेणापूरच्या पुढच्या वस्तीची पाहणी संपली. डॉ.बाई जीपमध्ये म्हणाल्या, "काम साधं आहे. घरात बाई आणि पुरुष कसे वागतात, त्यानं कुणाची तब्येत किती खालावते, ते मोजायचं." साधं म्हणतात. मी पुरुषांना विचारतो, सिस्टर बायकांना. मग सिस्टर वजन आणि दंडाचा घेर मोठ्यानं सांगतात, मी लिहितो. आधी कोण जेवतं? पुरुष म्हणतात, सगळे संगंच. बायका म्हणतात, उरल्यावर.
पारावर एक म्हातारा: "बायकांची वजनं करून राहिलास व्हय रे? म्हशी जोख. गिऱ्हाईक तरी मिळंल." सगळे हसले. मीही हसलो. नंतर बरं वाटलं नाही.

७ एप्रिल
उद्या आपली वस्ती. आईला सांगून ठेवलं: फार अशक्त निघतील त्या बायांची नावं डॉ.बाई रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर कळवणार. म्हणजे खडी फोडायला न लावता पाणी वाटायला ठेवतील. आई म्हणाली, टँकरच्या रांगेत सांगते समद्यांना. बरं झालं. वहिनीला सातवा लागलाय, तरी रोज खडीवर जाते. दादा हदगावला कापसाच्या जिनिंगवर. तिला नको म्हणणारं घरात कोण?

८ एप्रिल
विहाराच्या ओट्यावर काटा मांडला. आमच्या बाया इतर वस्त्यांपेक्षा वजनदार निघाल्या. वहिनी तर उत्तम. दंड मात्र पोरींएवढे. वजन कमी असेल त्यांचंच रक्त तपासायचं, म्हणून वहिनीचं नाही तपासलं.
सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडचं पाणी अंगी लागलेलं दिसतंय." कुठलं पाणी.
काटा बिघडला असेल म्हणून वाण्याचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर. मग लिहिताना माझीच चूक? दोनदा ताळा केला. चूक सापडत नाही. झोप येत नाही.

१४ एप्रिल
जयंती. दादा आला, येताना अंडी आणली. स्टेजवर छान बोलला, बायांना बरोबरीचा हक्क वगैरे. टाळ्या पडल्या. सिस्टर मुद्दाम आज घरी आल्या, पुरुषमाणूस भेटावा म्हणून. स्वतःच्या घरी मी विचारायचं नाही, असा नियम आहे.
बाईला दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं?
दादा: "मी."
आई: "थोरला."
वहिनीनं आईकडं पाहिलं. "ज्यांला येळ असंल ते."
सिस्टरांचं पेन थांबलं. वहिनी चुलीपाशीच होती, भाकरी थापत. अंडी आम्हा दोघांच्या ताटात. हे ध्यानात आलं तोवर माझं खाऊन झालं होतं.

१९ एप्रिल
दादा परत हदगावला गेला. वहिनीच्या पायांवर सूज. आई म्हणते, सातव्यात येतीच.

२३ एप्रिल
गरोदर बायांचं दुसऱ्यांदा वजन. वहिनीला बोलवायला घरी गेलो. ती मागच्या भिंतीआड लुगड्याच्या ओच्यात खडी भरत होती.
"वहिनी, हे काय?"
"भावजी, वरडू नका. समद्याच घेत्यात."
"कशाला पण?"
"अशक्त निघाली की नाव कामावर जातंय. तुमीच सांगितलं. मंग तिला काढून टाकणार."
"काढायला नाही. पाणी वाटायला ठेवतील म्हणून."
"पाणी वाटायला मुकादमाचा भाऊ हाय. त्याला उठवून मला बशिवतेत व्हय?" हसली. ओठ पांढरे.
मी सांगितलं एक, रांगेत पोचलं एक. पण खोटं कोण बोललं? त्यांना जे माहीत होतं तेच त्यांनी ऐकलं. मला ठाऊक असायला हवं होतं.
सगळ्या बायांना खडी काढायला लावली. वहिनीचा आकडा सिस्टरांनी मोठ्यानं सांगितलाच नाही, स्वतःच लिहिला. पापणी ओढून पाहिली. "अंगात रक्तच नाही हिच्या. लातूरला न्या. लगेच. वाट बघू नका." पहिल्या वजनालाच हे कळलं असतं.

२४ एप्रिल
आई: "थोरला आल्याबिगर न्हाई. अन् दिरासंगं भावजय यष्टीत? वस्ती काय म्हणंल?"
नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दादाला निरोप दिला. त्याच्या हातून पुढं हदगावला जाईल.
वाट बघू नका म्हणाल्या होत्या. तरी मी बघतोय. वस्त्यांमध्ये पुरुष म्हणायचे, विचारून सांगतो, मोठे आले की ठरवू. मी लिहून घ्यायचो अन् मनात त्यांना नावं ठेवायचो.

२६ एप्रिल
निरोप नाही. दादा नाही.
वहिनी घागर उतरवून खाली बसली ती उठेना. आईला म्हणाली, "कालपासनं पोट हलून नाही राहिलं." आईनं घागर आत नेली. 
मग तीच भिंत धरून उठली. धुतलेलं लुगडं पिशवीत घातलं. "भावजी, मी स्टँडवर चालले. यायचं तर या."
आई दारात बसली होती. वहिनी बाजूनं निघून गेली. आई मला म्हणाली, "थोरल्याला मी काय सांगू?" मी चपला घातल्या.
गाडीत ती पुढं बायकांत, मी मागं. रस्ताभर तिचं डोकं खिडकीला.

२७ एप्रिल, लातूर
लातूर नवा जिल्हा झालाय. दवाखान्यातली गर्दी तीच. रक्त लागणार आहे. माझं जुळलं नाही. दादाचं कदाचित जुळेल. त्याला तार केली. तो येईल, आणि आधी काय विचारेल, ठाऊक नाही.
सकाळी वॉर्डातल्या नर्सबाई ओरडल्या, "इतक्या उशिरा कुणी आणलं हिला?" मी खालमानेनं पुढं झालो. बोलणार तेवढ्यात वहिनी, डोळे मिटलेले,
"मी आले. भावजी संगं होते."
डॉक्टर नळी पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकताहेत. मी दाराबाहेर. इकडं सरकवली, तिकडं. अजून ऐकताहेत