जाळीचा डावा कोपरा

६ जून, गुरुवार
आजपासून रोजनिशी. होडी या वर्षी पूर्ण होणार म्हणजे होणारच, आणि एवढ्या मोठ्या कामाची नोंद कुठेतरी हवी. आमच्या चॅपेलातल्या माउलीचा सण ८ सप्टेंबरला. तीन महिने हातात आहेत. भरपूर.

सध्याची स्थिती: सांगाडा तयार (१९९१). रंग तयार (२००४, आणि पोपडे निघाले म्हणून पुन्हा २०१२). सुकाणू, दिवे, केबिन तयार. उरलं काय? दोरकाम आणि जाळी. म्हणजे तसं काहीच नाही.

नवस माझा आहे. १९७८च्या फेब्रुवारीत आमची लाइफबोट बुडत्या मच्छीमारांना काढायला गेली आणि आमचे मुख्य नावाडी, मेस्त्रे आमांसियो, स्वतःच पाण्यात गेले. मी रेलिंग धरून ओरडलो, माउली, यांना वर येऊ दे, हीच बोट छोटी करून तुझ्या चॅपेलात टांगीन, एकूणएक दोरीसकट. ते वर आले. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी आमच्या बोटीच्या आणि मच्छीमारांच्या होडक्याच्या मधे चेचून गेली.

आता ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळे गेलेत. आमच्याकडची रीत अशी की नवस ज्याच्यासाठी बोललेला, त्यानेच होडी हातात घेऊन चॅपेलच्या पायऱ्या चढायच्या. इल्दा म्हणते, अरे माणसा, ते पायऱ्या चढू शकतात तोवर उरक. पन्नास वर्षं संसार केला तरी या बाईला कलेची गती कळत नाही.

होडी देताना मेस्त्रेंना एक गोष्टही सांगायची आहे. ती नंतर लिहीन.

१० जून, सोमवार
हिशोब केला. बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडतात ती जाळी, माणसांनी धरून वर चढायची. चौकोनी घरांची. आडव्या अठरा, उभ्या चौदा. एकूण दोनशे बावन्न गाठी. रोज दहा गाठी म्हणजे पंचवीस दिवस आणि वर दोन गाठी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळा.

दोरा जुना दिसावा म्हणून काळ्या कॉफीत उकळला. रंग झकास आला. रात्रीच्या जेवणात इल्दाने कोबीच्या सारात चमचा फिरवला, हुंगला आणि विचारलं की मोठं पातेलं कोणी वापरलं. मी म्हणालो, कोबी या वर्षी जरा कडवटच आहे.

१३ जून, गुरुवार
दर गुरुवारी मेस्त्रेंकडे जातो. पेपर वाचून दाखवतो. आज फुटबॉल, मग मृत्यूच्या बातम्या, मग पुन्हा फुटबॉल. जाताना सहा सार्डिन नेल्या. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं, तीन बोटांनी, आणि विचारलं, काय रे झेफेरिनो, जाळी लावलीस का?

जवळजवळ, म्हणालो.

खरं तर अकरा गाठी. त्यातल्या चार एकमेकींना चिकटल्यात.

तेव्हाच सांगणार होतो. पण त्यांची मुलगी बेल्मिरा कॉफी घेऊन आली. लोकांसमोर अशा गोष्टी काढू नयेत.

१८ जून
हात थरथरतो. कॉफीमुळे. कॉफी बंद.

१९ जून
कॉफी सुरू. तिच्याशिवाय जास्त थरथरतो.

२६ जून, बुधवार
सतरा गाठी. भिंगाची पट्टी कानाला टोचते. शिवाय प्रकाश. शिवाय समुद्राकडून दमट वारा येतो आणि दोरा फुगतो. अशा परिस्थितीत सतरा म्हणजे कमी नाहीत.

कॅफेत ओलेगारिओ भेटला. चाळीस वर्षं पत्रं वाटली, आता वाटायला टोमणे उरलेत. म्हणाला, नोहाला सगळं जग बुडायच्या आत जहाज जमलं, पाणी ओसरून चिखल वाळला तरी तुझं अजून कोरड्यातच. नोहाच्या जहाजाला जाळी नव्हती.

४ जुलै, गुरुवार
मेस्त्रे: जाळी लावलीस का?
मी: जवळजवळ.
सांगायचं राहिलं. पेपरात आज बातम्याच फार होत्या.

५ जुलै
लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे.

त्या दिवशी जाळी मी बांधली होती. मेस्त्रे स्वतः जाळीवरून खाली उतरले, शेवटच्या माणसाला कमरेत धरायला. वरचा डावा कोपरा सुटला. सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोर तुटला. दोर जुना होताच. बोट बंदराला लागली, गावाने मान हलवली, दोर कुजका होता हे ठरून गेलं.

दोर जुना होता हे मात्र अगदी खरं आहे.

१५ जुलै, सोमवार
नवा विचार. गाठी मारण्यात आयुष्य घालवणं हा अहंकार. नजरेला जाळी दिसली म्हणजे झालं. इल्दाचं केसांचं नेट मापून बघितलं. घरं तिरकी निघाली. तिरकी घरं मासे पकडायला, चौकोनी घरं माणसं काढायला, एवढं आमच्या गावातलं मांजरही जाणतं. परत जागेवर ठेवलं.

१६ जुलै, मंगळवार
सापडली!
पेटीच्या तळाशी सासूबाईंची काळी ओढणी. हाताने गाठी मारून विणलेली, चौकोनी घरं, मधे गुलाब भरलेले. पट्टी लावली: घर सहा मिलिमीटर. एकास पन्नास प्रमाणात खऱ्या जाळीच्या घराला बरोबर एवढंच माप! माउलीची योजना नाही तर काय? सासूबाई हयात असत्या तर स्वतः म्हणाल्या असत्या, घे झेफेरिनो.

सासूबाईंनी मला झेफेरिनो म्हणून कधी हाक मारली नाही. "तो" म्हणायच्या.

इल्दा ही ओढणी वर्षातून एकदाच डोक्यावर घेते. ८ सप्टेंबरला.

१७ जुलै
फक्त एक कोपरा. घडीत आत जाणारा. तळहाताएवढा. नेमका एक गुलाब अर्धा आला, पण लांबून कळत नाही. कात्री फार सरळ चालली. अजून हात आहे मला.

१९ जुलै
जेवण गेलं नाही. सार्डिन होत्या तरी.

२० जुलै
निर्धार: इल्दाला आजच सांगायचं.

२१ जुलै
रविवारी घरात शांतता असावी.

८ ऑगस्ट, गुरुवार
मेस्त्रेंनी आज वेगळंच विचारलं. जाळी कशाने बांधणार आहेस रेलिंगला?
म्हणालो, जशी बांधतात तशी.
म्हणाले, कशी बांधतात?
मी म्हणालो, दोन वेढे, दोन गाठी.
हं, म्हणाले. आणि मग, फुटबॉल वाच.

बांधायचे दोन कोपरे आहेत जाळीला. आज बसलो. उजव्या कोपऱ्यावर ग्लूचा एक थेंब, पक्का बसला. डाव्यालाही ग्लूच लावला. दोरा ओवायला सुई जात नव्हती. म्हणजे गेली असती. पण तो डावा कोपरा समोर आला की बोटं बधिर होतात, जणू फेब्रुवारी आहे.

९ ऑगस्ट
अर्धवट लिहून झोप लागत नाही तर पूर्ण लिहितो. दोन वेढे घातले होते. गाठ एकच. मेस्त्रे ओरडत होते, लवकर, लवकर. हात गोठले होते. दुसरी गाठ मारायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो मी पाण्यातल्या माणसांकडे बघण्यात घालवला.

कोणीही घालवला असता.

२४ ऑगस्ट, शनिवार
सणाची तयारी. इल्दाने पेटी उघडली. मी अंगणात होतो, तरी ऐकलं. कसर लागली, आईच्या ओढणीला कसर लागली, म्हणून ती रडवेली झाली. मी धावत आत गेलो आणि कसरीला तिच्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या. मग बाजारातून लव्हेंडरच्या सहा पिशव्या आणून पेटीत, कपाटात आणि उशीखाली ठेवल्या.

ती म्हणाली, केवढी काळजी तुला.

माझ्यासारखा माणूस विरळा, असंही काहीसं म्हणाली. मी पुढे ऐकलं नाही.

२५ ऑगस्ट
उशीतून लव्हेंडरचा वास येतो. डोकं दुखतं. माणसाला शिक्षा करायला इतका सुगंधी मार्ग पहिल्यांदाच बघतोय.

२९ ऑगस्ट, गुरुवार
मेस्त्रेंचं पाऊल सुजलंय. बेल्मिरा दारात हळूच म्हणाली, झेफे काका, बाबा या वर्षीच चढतील पायऱ्या, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही. आत मेस्त्रे ओरडले, काय कुजबुजताय, माझे कान शाबूत आहेत.

आज सांगायलाच हवं होतं. वाक्य तयार होतं: मेस्त्रे, दोर तुटला नव्हता. पाच वेळा मनात म्हटलं. सहाव्या वेळी तोंडातून निघालं की बेनफिका दोन, समोरचे शून्य.

ते म्हणाले, बरं झालं.

५ सप्टेंबर, गुरुवार
होडी तयार. घोषित करतो. कडेने हाताने धरायच्या दोऱ्या, मागे ओढायचा दोर, खांबाचे ताण, सगळं. जाळी डावीकडे लटकते, अस्सल. कॅफेत नेऊन दाखवली. ओलेगारिओ जाळीवर वाकला. मग म्हणाला, गुलाब कसला रे हा?

८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
पाय दुखतात. जसं झालं तसं लिहितो.

चॅपेलच्या पायथ्याशी मेस्त्रे खुर्चीवर बसलेले, कोट घालून, बेल्मिरा मागे. बँड तयार, पाद्री घड्याळ बघतायत, गाव उभा. इल्दा ओढणी घेऊन आली. कापलेली बाजू मुद्दाम पुढे, कपाळावर. मी म्हणालो, कसर लागलेली दिसते ना. ती समोर बघत म्हणाली, कसर कात्रीने खात नाही, झेफे. जुलैतच कापलेली पाहिली, तेव्हापासून बघतेय तू कधी बोलतोस ते. लव्हेंडरचे पैसे वाया घालवलेस.

मी होडी मेस्त्रेंच्या मांडीवर ठेवली.

डोळ्यांनी बघितली असती तर पाच मिनिटांत आटपलं असतं. पण त्यांनी बोटांनी बघितली. सुकाणू. ठीक, म्हणाले. केबिन. ठीक. खांब. जरा वाकडा, पण तेव्हाही वाकडाच होता. मग जाळी. आठ बोटं प्रत्येक घरावरून गेली आणि मधेच थांबली.

हे काय, म्हणाले, फूल? बुडणाऱ्याला तू फूल देतोस?

लोक हसले. मीही हसलो. मग त्यांची बोटं वर चढत डाव्या कोपऱ्याशी आली. ग्लू, म्हणाले. गाठ कुठे आहे?

मी म्हणालो, मेस्त्रे, सुई जात नव्हती.

नखाने त्यांनी तो थेंब उडवला. कोपरा लोंबला. बांध, म्हणाले.

दोरा नव्हता. इल्दाने डोक्यावरच्या ओढणीची कापलेली कड चिमटीत धरली, एक काळा धागा सरसर ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. तशी उसवलीच आहे, म्हणाली.

मी गुडघ्यावर बसलो. अख्खा गाव बघत होता. दोन वेढे. एक गाठ. मग दुसरी. एक श्वास लागला, तेवढाच. मेस्त्रेंनी बोट ठेवून मोजलं. एक. दोन.

मग खाली वाकून मला म्हणाले, आता सांग.

मी सांगितलं. मेस्त्रे, दोर तुटला नव्हता, मी एकच गाठ... तेवढ्यात बँड सुरू झाला, पण त्यांचे कान शाबूत आहेत.

म्हणाले, ठाऊक आहे. मला वर ओढलंत तेव्हा ते टोक माझ्या मुठीत होतं. तुटलेला दोर फुलतो, याचं टोक जसंच्या तसं होतं.

मी विचारलं, मग चाळीस वर्षं बोलला का नाहीत?

म्हणाले, तू म्हणालास, होडी देतो. मला वाटलं, होडी आणेल तेव्हा तोंड उघडेल. तू एवढा आळशी निघशील हे कोणाला माहीत? गाढवा, दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतंस तर एक सणसणीत थोबाडीत देऊन मी विसरलो असतो. आता हात खांद्याच्या वर जात नाही.

मग बेल्मिराचा हात धरून ते उठले, होडी छातीशी धरली आणि चढले. सतरा पायऱ्या. मी मागे होतो. प्रत्येक पायरीवर मला थोबाडीत बसल्यासारखी वाटली, आणि दर वेळी नाही बसली म्हणून वाईट वाटलं.

होडी टांगली. फार सुंदर दिसते.

९ सप्टेंबर, सोमवार
सकाळच्या प्रार्थनेला गेलो. मेणबत्त्या खूप लावल्या होत्या सणाच्या. त्या उष्णतेने उजव्या कोपऱ्याचा ग्लू सुटला. प्रवचनाच्या मध्यावर जाळी खाली आली आणि पाद्रींच्या डोक्यावर अर्धा गुलाब झुलत राहिला. ओलेगारिओला बाहेर जावं लागलं.

डावा कोपरा धरून आहे. बराच वेळ बघत बसलो. अजून धरून आहे.

इल्दा मान न वळवता म्हणाली, शिडी आण आणि तोही बांध. मी म्हणालो, उद्या नक्की. पण उद्या वारा आहे, बुधवारी शिडी ओलेगारिओकडे, आणि त्याच्याकडून आता कसली मागतोय.

गुरुवारी मेस्त्रेंकडे जायचं आहे. विचारतीलच, जाळी लावलीस का.

जवळजवळ, म्हणेन.