पायगाडीच्या रबराला करंजेल

बा, तुझा जावई आज पायगाडीवर बसून कल्याणला कामाला गेला, आणि मला काही कळेनासं झालंय. अक्षरं नातीनं शिकवलीत, वाकडी आहेत, सांभाळून घे. पायगाडी म्हणजे दोन चाकं, एकामागे एक. उभी केली की पडते, पळायला लागली की पडत नाही. हे कसं काय? तू मिठाची होडी चालवायचास, तुला उमगलं असतं.

झालं असं, याचा गुडघा धरला. ठाकुर्लीहून रुळाच्या कडेनं चालत जायचं आणि तिन्हीसांजेआधी सिग्नलचे दिवे लावायचे, ते होईना. साहेबानं बदली माणूस घेतला, वर बजावलं, अवसेपर्यंत आलास तर जागा तुझी, नाहीतर त्याची. विलायतेला परतलेल्या कुणाची मोडकी पायगाडी गोदामामागे गंजत पडलेली, ती यानं मागून आणली. जन्मात बैलगाडीचं चाक काढलं नाही या माणसानं, आणि पडवीत बसून हिचा खिळान् खिळा सुटा केला. मग मलाच विचारतो, हे कुठलं गं? जशी काही मीच घडवलीय. माझ्या सुपात तांदूळ कमी आणि याचे चाकातले लोखंडी छर्रे जास्त.

मिठागरावरची एक संध्याकाळ आठवते. मी फावडं तसंच टाकून जेवायला बसलेय, तू पुढ्यातलं ताट उचलतोस. "आधी लोखंडाला तेल पाज, मग तू खा." खाऱ्या वाऱ्यात दुसरं काय करणार? तेच धरून मी पायगाडीला करंजेल पाजलं. साखळीला, दांड्यांना, आणि चाकावरच्या रबरालाही, हात सैल सोडून. आता त्या रबरावर पट्टी दाबूनच ही गाडी थांबवतात, हे मला कोण सांगणार? उतारावर यानं दाबलं, ती थांबेना, थेट खाजणाच्या चिखलात. तू जन्मभर त्याला मिठागरावर ये म्हणत होतास आणि तो रेल्वेत चिकटला. चिखलातून हसतच वर आला. म्हणाला, "तुझ्या बापानं शेवटी मला उतरवलंच."

मी राखेनं रबर घासलं. तो पडत, उठत शिकला. उद्या अवस, आणि आज गेला. मघाशी लांबचा दिवा लागलेला दिसला, बदली माणूस लावायचा त्याच्या कितीतरी आधी. जागा राहिली. देवापुढे साखर ठेवली, आनंदच आहे बा, मग डोळे का भरतात? लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस दिवसभर घरात असा पहिल्यांदाच होता. हे तुला धाडायचं कुठं, आणि नातीला दाखवण्यासारखंही नाही. कारण मनात येतंय, पायगाडीचं काहीतरी पुन्हा मोडावं. लहानसंच.