एकशे बाराव्या ओळीची भानगड

सावेडी, नगर
बुधवार (तारीख मुद्दाम घातलेली नाही)

तीर्थस्वरूप ज्योतीताईस,

मावसभाऊ कानिफनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तू, दाजी आणि पिल्लू खुशाल असाल असं धरून चालतो. खात्री नाही, कारण परवा तू मोबाईलवर नुसतं "मजेत" एवढंच लिहिलंस, आणि मजेत असलेली माणसं इतकं थोडक्यात लिहीत नाहीत. गुडघा कसा आहे? देवळालीत ऊसतोड सुरू झाली असेल, दाजींची धावपळ चालू असेल. मावशीला माझ्या कॉलेजचं काही बोलू नकोस. (सोडलं हे तिला माहीत आहे. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून सोडलं, हे नाही.)

पत्र हाताने का लिहितोय, असं तुला वाटेल. कारण आमच्या ऑफिसात जे टाइप होतं ते सापडतं. ते शोधून काढायचं हत्यार आम्हीच बनवतो आणि त्याचं माहितीपत्रक मी लिहितो, ही माझी नोकरी. हत्यार साधं आहे. त्याला एक शब्द द्यायचा आणि एक फोल्डर दाखवायचं. त्यातल्या सगळ्या फायली चाळून तो शब्द कुठल्या फायलीत, कितव्या ओळीत आहे ते सांगतं आणि ती ओळ आणून समोर ठेवतं. गंमत अशी की हे माणसांसाठी नाही. एआय एजंट म्हणून एक प्रकार निघालाय (दाजींना सांग, विम्याचा नव्हे), सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम. तो माझं माहितीपत्रक वाचतो आणि त्याबरहुकूम हत्यार चालवतो. म्हणजे मी जन्मात पहिल्यांदा असं काही लिहितोय जे कुणीतरी खरंच शब्दन् शब्द वाचतं, आणि तो वाचणारा माणूस नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यात लिहिलं, "शब्द सापडला नाही म्हणजे तो नाही असं समजू नये, कुणी मुद्दाम लपवला असण्याची शक्यता असते." मला यात काही चूक दिसत नाही. पण एजंटाने ते मनावर घेतलं आणि एक शब्द दुपारभर चारशे वेळा शोधला. पंकजा मॅडम (आमच्या मालकीणबाई) म्हणाल्या, "कानिफ, तुझा स्वभाव त्याला लावू नकोस." मी ते वाक्य काढलं. पटलं म्हणून नव्हे.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे राजनंदिनी म्हणून एक मुलगी आहे, तुझ्याच गावची, मारुतीच्या देवळामागे घर. ती माझं माहितीपत्रक तपासते. एकदा म्हणाली, "बरं लिहितोस." यातल्या "बरं"वर मी तीन आठवडे विचार केला. तुला काय वाटतं ते कळव, पण दाजींना विचारू नकोस.

तर गेल्या सोमवारी माहितीपत्रकात घालायला एक उदाहरण हवं होतं. शब्द म्हणून मी तिचं नाव दिलं. (नाव लांब आहे, दुसऱ्या शब्दात मिसळत नाही, म्हणून. निव्वळ तांत्रिक कारण.) फोल्डर दिलं ऑफिसातलं सगळ्यांचं मिळून असलेलं. नऊ ओळी आल्या. माझं नाव एकीतही नव्हतं, हे मी सोसलं. पण सातवी ओळ ज्ञानेश्वरच्या फायलीतली होती, ओळ क्रमांक एकशे बारा: "राजनंदिनीशिवाय आता एक दिवसही निघणार नाही."

ज्ञानेश्वर म्हणजे पारनेरचा, शेजारच्या टेबलावरचा, रोज मला डब्यातली शेंगदाण्याची चटणी देणारा. आता कळलं चटणी का देत होता. मी उठलो, त्याच्या टेबलावर हात आपटला (जर्नल नव्हतं) आणि ती ओळ सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. वर, माझ्या मनात जे दिवाळीपासून होतं तेही त्याच दमात बोलून गेलो. राजनंदिनी दारात चहाचा कप घेऊन उभी होती.

ज्ञानेश्वर शांतपणे म्हणाला, "आरं बाबा, वरची वळ वाच, खालची वाच. मधलीच काय घिऊन बसलायस? मला दोन लेकरं हायेत."

फाईल उघडली. मॅडमना लिहिलेला अर्ज निघाला. वरची ओळ: "तपासणीचं काम तुंबलं आहे." खालची ओळ: "तरी तिची शनिवारची रजा मंजूर करू नये, ही विनंती." हत्याराचा दोष नाही, ताई. मागितल्या असत्या तर त्याने वरच्या-खालच्या ओळीही दिल्या असत्या. ती सोय माहितीपत्रकात लिहायचीच मी विसरलो होतो.

राजनंदिनी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती ज्ञानेश्वरला म्हणाली, "माझी रजा अडवत होतात होय, दादा?" तो डब्याचं झाकण लावायला लागला. मॅडम ओशाळल्या आणि तिथल्या तिथे तिला शनिवारच काय, सोमवारपर्यंत रजा देऊन बसल्या. मग चहा पिताना कळलं रजा कशासाठी. रविवारी तिला बघायला श्रीरामपूरचा मुलगा येणार आहे. ज्ञानेश्वर बिचारा नकळत ते अडवत होता. मी आरडाओरडा करून वाट मोकळी करून दिली. आता माहितीपत्रकात हाच प्रसंग, नावं बदलून, इशारा म्हणून घालायचा हुकूम आहे. एजंट वाचतील. त्यांना हसता येत नाही म्हणतात. माझा विश्वास नाही.

सगळ्यांना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
कानिफ

ता. क. वरचं वाचून माझं तिच्यावर काही आहे असा समज करून घेऊ नकोस. रविवारी मारुतीच्या देवळाकडे तुझं काही काम निघालं तर बघ, एवढंच. मुलाची गाडी कुठली, पोह्यांना किती वेळ लागला, ती हसली का.

ता. क. २. तेही राहू दे. तू बघितलंस की गावभर होईल.

ता. क. ३. पोस्टावर माझा भरवसा नाही, कुरिअरवर त्याहून नाही. म्हणून शनिवारी गावी निघणाऱ्या राजनंदिनीकडेच हे देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही, डिंक संपला. मी कागदाच्या चार घड्या घातल्यात, तुझं नाव आतल्या बाजूला ठेवून. तुझ्या हातात पडेल तेव्हा नाव बाहेरच्या बाजूला आलेलं असेल, तर रविवारच्या आत मला एक मिस्ड कॉल दे. दुसरं काही काम नव्हतं.