सोन्या आणि भाजी

९ नोव्हेंबर, रविवार

यांनी आज पोकळा खाल्ला. कच्चा! माझ्या डोळ्यांदेखत, दोन पानं, चावून चावून. लग्न झाल्यापासून या माणसाच्या ताटात पालेभाजी वाढली की ती कडेला सरकायची आणि तशीच परत यायची. 'मी काय बैल हाये?' — हे ठरलेलं. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आमच्या लेकाने, ललितने, फोनवरून डोकं आपटलं, मी हात जोडले. शेवभाजी काही सुटली नाही. आणि आज एका पोपटासाठी पोकळा.

पोपट ललितचा. कॉकटेल म्हणतात त्या जातीचा, पिवळा तुरा, गालावर केशरी ठिपके. ललितची बदली पुण्याला झाली, तिथल्या घरमालकाला पक्षी चालत नाही, म्हणून दिवाळीला आला तेव्हा लेकाने तो इथे वरणगावला आणून ठेवला. काल हे त्याला जळगावला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन याचं लिव्हर खराब व्हायला आलंय म्हणे. बिया बंद, भाज्या सुरू. पण हा भाजीला तोंड लावेना. तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्याच्यासमोर बसून खा, चवीने खा, बघून बघून शिकेल.

झालं. लगेच पाट मांडून बसले.

११ नोव्हेंबर

त्याचं नाव ललितने 'रॉकी' ठेवलं होतं. हे 'सोन्या' म्हणतात. 'घे रे सोन्या, एवढं घे, मह्या राजा.'

मला आजवर 'ओ' आणि 'ऐकलं का' याच्यापुढे हाक नाही. मी तक्रार करत नाही, आमच्यात कुणीच नाव घेत नाही. पण मग राजा हा शब्द यांना येतो तरी कुठून?

१४ नोव्हेंबर

आज ढोबळी मिरची. सोन्याने ढुंकून पाहिलं नाही. यांनी सबंध खाल्ली.

१६ नोव्हेंबर, रविवार

गाजराचे तुकडे करत होते. फॅक्टरीत सगळा जन्म मापात काम केलेला माणूस — एकही तुकडा लहानमोठा नाही. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. रिटायर झाल्यापासून एकदा म्हटलं असेल की लसूण तरी सोलून द्या. तेव्हा यांची कंबर धरली होती.

शेजारच्या झुंबरबाई आल्या. त्यांना फार कौतुक. 'भाग्याची हायेस प्रमिला. आमच्या घरचे तं वाटीभर डाळ वाढून घेत नी.' मी म्हटलं, भाग्य पिंजऱ्यात बसलंय, त्याला सांगा. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

संध्याकाळी भरीत केलं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. खाल्लं, बोट चाटलं, उठले. एक शब्द नाही. मग अर्धा तास ललितशी फोनवर: 'मक्याकडे बघतो पन चोच लावत नी. भोपळ्याचा वास घेतला आज. कोथिंबीर नी आवडत त्याले, मान फिरवतो.' एवढं बारीक लक्ष! या घरात कुणाची मान कुठे फिरते हे कधी यांना दिसलं होतं?

१९ नोव्हेंबर

आज एक गोष्ट केली. लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय.

ललितने ठेवलेली बियांची बरणी माळ्यावर होती. हे फॅक्टरीतल्या जुन्या मित्राकडे गेले तेव्हा काढली आणि मूठभर टाकल्या. सोन्या तुटून पडला. मला इतकं बरं वाटलं! हे परत आले, मेथी घेऊन बसले, 'राजा, राजा' चाललं. राजाचं पोट भरलेलं. मी आत भाकरी थापत होते आणि हसू दाबत होते.

२२ नोव्हेंबर

बिया रोज चालू आहेत. हे रोज समोर बसून खाताहेत. कोबी, दोडकं, मुळ्याचा पाला.

२७ नोव्हेंबर

जळगावला नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी सोन्याला काट्यावर ठेवलं — वजन कमी व्हायचं तर वाढलंय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा पुढची थंडी बघणार नाही. हे तिथेच खुर्चीवर बसले. 'महंच काहीतरी चुकते. मले खाता येत नशीन बरोबर.' साठी ओलांडलेला माणूस, मला खाता येत नसेल म्हणतो! मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलायला हवं होतं.

येताना बसमध्ये पिंजरा मांडीवर, वर माझी शाल. माझीच काढून घेतली, मला थंडी वाजतेय का हे न विचारता. अपराधी वाटत होतं ते अर्धं तिथेच गेलं.

पण घरी आल्याआल्या बरणी गच्चीवर नेऊन रिकामी केली. चिमण्या-कबुतरांची चैन. माझा राग यांच्यावर आहे. त्या एवढ्याशा जिवाला मी का मारू?

२९ नोव्हेंबर

यांची शुगर तपासली. बरीच उतरली. म्हणजे सोन्याला बिया घालून मी यांना भाज्या खायला लावल्या. मला काही श्रेय नाही, सोन्याला आहे. ललितला सांगत होते, 'सोन्याची कृपा.'

२ डिसेंबर

हे सकाळीच रावेरला गेले, चुलतभावाकडे साखरपुडा. पिंजरा मागच्या ओसरीत उन्हाला ठेवून गेले, दहा सूचना देऊन.

दुपारी मी जेवायला घेतलं. घरात कुणी नसलं तरी मी काम उरकूनच जेवते, मोडत नाही ती सवय. सासूबाई असताना सगळ्यांची पानं उठली की मग मी, तेही स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. पुढे कुणी सांगणारं उरलं नाही, तरी तसंच चाललं. आज थंडी होती म्हणून ताट घेऊन ओसरीत आले. सकाळची भाकरी, ठेचा, आणि मेथीची जुडी निवडताना बाजूला ठेवलेली कोवळी पानं, कच्चीच.

सोन्या ओरडायला लागला. तारेला लटकून खाली आला. मी म्हटलं, तुला काय पाहिजे, तुझा राजा गेलाय रावेरला. तर तारेतून चोच बाहेर. एक पान धरलं. ओढून घेतलं माझ्या हातातून. खाल्लं. दुसरं मागितलं!

मी कुणालाही सांगणार नाही की मी तिथे बसून रडले. आनंदाने नव्हे. जिंकल्याचं रडू होतं ते.

४ डिसेंबर

यांना सांगितलं. पटलं नाही. मग समोर करून दाखवलं. माझ्याकडून घेतो, यांच्याकडून नाही. यांनी तेच पान पुढे केलं, तीच जुडी — सोन्याची मान वळली.

'तुह्याकडून काहून घेते?' असं तोंड केलं की विचारू नका. मी म्हटलं, मी भूक लागल्यावर खाते, तुम्ही नाटक करता. मी चार घास जास्त जेवले आज.

५ डिसेंबर

आज दुपारी स्वतःचं जेवण झाल्यावर उठलेच नाहीत. ओसरीत खुर्ची टाकून बसले, मी कशी खाते ते बघायचं म्हणून. मला कुणी बघत असताना जेवायची सवयच नाही. सोन्या मात्र मजेत, मेथी, मग गाजर.

मग म्हणाले, 'तू भाजी नी घेतली?'

म्हटलं, संपली.

'रोज संपते?'

म्हटलं, कधी उरते, कधी संपते. ठेचा आहे की. पातेलं पुसून घेतलं भाकरीने. ते त्या पातेल्याकडे बघत राहिले. सोन्याकडे नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी पिशवी घेऊन निघाले, दारात थांबले. 'सोन्याले मेथी. तुले काय आनू?'

म्हटलं, आणा काहीही.

'काहीही नी. तुले कोनती भाजी आवडते, ते सांग.'

यांना वांगी आवडतात. ललितला गिलकी. सासूबाईंना चाकवत लागायचा, मामंजींना शेवगा. सगळं आठवलं. ते पिशवी घेऊन उभे, मी उभी, आणि मला माझी एकही भाजी सांगता आली नाही.