कौसाआजीच्या दारात थांबलेला बेंजो

ताई, पाया पडतो.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. विठ्ठलवाडीच्या बेंजो पार्टीत जेवण वेळेवर मिळतं, हे आईला सांग. नवरात्रात वाजवून बोटं सोलली आहेत, ते मात्र सांगू नको.

परवा अंबरनाथला देवीची मिरवणूक माधवीच्या चाळीसमोरून गेली. ती गावाहून इथे आली म्हणून मी कॉलेज सोडून आलो, आणि आता ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही. खिडकीत दिसली आणि माझी बोटंच थांबली. मयत झालेल्या घरासमोर आम्ही वाजवत नाही. त्यामुळे बेंजो थांबला की ढोल-ताशेही लगेच थांबतात. सगळी मिरवणूक गप्प! काहींनी तर हात जोडले.

तिची आजी कौसाबाई काठी आपटत बाहेर आली. "कोण मेलं रे? मी अजून जिती हाय! वाजव मेल्या, अख्खं गाणं वाजव!"

एरवी मी भांडलो असतो. पण मुकाट वाजवलं. आजी काठी धरून नाचली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. माधवीने खिडकी लावून घेतली, ती गाणं संपेपर्यंत उघडली नाही.

ताई, या वेळी रागही आला नाही गं. नुसता थकलोय. बाबांचा गुडघा कसा आहे? दसऱ्यानंतर घरी येऊ का? ते कॉलेजचा विषय काढतील. काढू देत, मी ऐकून घेईन.

तुझा भांडखोर भाऊ,
सनी