रिकामा रकाना

दि. ९ जून, दुपार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

खडखड-खडखड-खट. आज दुपारी डोळा लागता लागता तो आवाज पुन्हा ऐकला. तू सात-आठ वर्षांची, पाय पायडलपर्यंत जेमतेम पोचायचे, आणि सुईत दोरा नसताना आईचं शिलाई मशीन पळवायचीस. आई आतून ओरडायची, "रिकामं मशीन चालवू नकोस गं, बिघडेल!" शाळेतल्या सगळ्या कविता मी त्याच ठेक्यावर पाठ केल्या. अजून एखादं कडवं आठवेनासं झालं की टेबलाखाली पाय हलवतो. ओळ आपसूक येते.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतो कोण!

एक बातमी. तुझी खोली भाड्याने द्यायचं ठरवलंय. परवा पाटी लिहायला बसलो. वर मराठीत 'खोली रिकामी आहे', खाली तेच इंग्रजीत. चाळीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि 'एम्प्टी' लिहिताना हात अडला. मधला हा पी कशाला? शब्दकोश काढला. जुन्या इंग्रजीत तो नव्हताच म्हणे. एम आणि टी यांच्यामध्ये जीभ अडखळली आणि हा आगंतुक कायमचा येऊन बसला. मी एकटाच हसलो. मग पुढचं वाचलं.

त्या शब्दाचा जुना अर्थ पोकळ एवढाच नव्हता. सवड असलेला, मोकळा. आणि ठमे, अविवाहितसुद्धा! थेट आपल्या मराठीसारखंच की गं, भांडंही रिकामं आणि माणूसही रिकामं. शब्दकोश मिटला, पण तो अर्थ काही मिटेना.

तुला आठवत असणारच. शिवणशाळेतल्या शिक्षिकेच्या जागेसाठीचा तुझा अर्ज मी इंग्रजीत भरून दिला होता. नकार आला. कळलं, अनुभवाचा रकाना कोराच होता. तू विचारलंस, "दादा, बावीस वर्षं गल्लीभरचे कपडे शिवले मी, ते कुठे गेले?" मी म्हणालो, "विसरलो गं. आणि घरी बसून केलेलं तरी काय लिहायचं? रिकामीच तर असतेस." तेव्हा तू आईचं अंथरूण बदलत होतीस. चादरीची दोन टोकं हातात धरून तशीच उभी राहिलीस.

आई वारली आणि महिनाभरात तूही घर सोडून गेलीस. चार वर्षं झाली. त्या कोऱ्या रकान्याबद्दल विचारेल त्याला मी सांगत आलो, "अहो, विसरलो, वेंधळा आहे मी." तूही तेच धरून चाललीस बहुधा.

भाड्याचं म्हणशील, तर पेन्शन पुरते मला. घरात कुणाची तरी चाहूल हवी, एवढंच.

नाही, एवढंच नाही. मी विसरलो नव्हतो. त्या रकान्यावर पेन टेकवलं होतं. बावीस वर्षं लिहिली असती तर नोकरी तुलाच लागली असती, हे मला दिसत होतं. तू गेलीस तर आईला कोण उठवणार, मला गरम जेवण कोण वाढणार, हेही दिसत होतं. पेन उचललं. रकाना राहिला नाही गं, मी ठेवला.

दार वाजतंय. बँकेतले एक गृहस्थ खोली बघायला यायचेत. आलोच.

—

ते नव्हते. तू होतीस. हातातली पिशवीही खाली न ठेवता पाटीकडे बघत म्हणालीस, "कोपऱ्यावरच्या वाण्याने फोन केला, दादाने पाटी लावलीय म्हणून. रिकामं नक्की कोण रे, खोली की तू?" मी "पाणी आणतो" म्हणत आत पळालो आणि ओट्याशी उभा राहून हे लिहितोय. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा वेंधळा होईन.

बाहेर खडखड सुरू झालीय. मशीनवरचा कपडा काढलास वाटतं. सुईत दोरा नाही गं त्याच्या.

पाण्याबरोबर हे पत्र तुझ्या हातात देतो. पुरतं वाच. मग पाटी काढ, नाहीतर पिशवी उचल. मी मधे बोलणार नाही.

तुझा,
रकाना कोरा ठेवणारा
दादा