चार नंबरची प्रेस

प्रिय चिमे,

कालपासून तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. तू इतकी खुशीत होतीस की मला खरं सांगवेना. समोर येऊन सांगायची तर माझ्यात हिंमतच नाही. म्हणून लिहायला बसले आहे. दुपार आहे. सासूबाईंना भरवून झालंय, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत. झोप लागली की ह्यांचा श्वास वेगळा येतो, एवढं मला आता कळतं.

भाऊजी कसे आहेत असं तू विचारतेस आणि मी दर वेळी बरे आहेत म्हणते. बरे नाहीत गं. जखम भरली. उजव्या मनगटापुढे काही नाही, त्याचीही माझ्या डोळ्यांना सवय झाली. केंद्रातल्या बाईंनी खटपट करून नकली हात मिळवून दिला. ह्यांनी तो एकदा घातला, आरशात पाहिलं, काढला आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवला. सदऱ्याची बटणं मी लावते. तेवढा वेळ हे छताकडे बघत राहतात. तुझ्या सासरचं शिलाई मशीन बंद पडलं होतं, आठवतं? माझ्या केसांतली पिन घेऊन ह्यांनी ते दहा मिनिटांत चालू केलं आणि वर तुझ्या सासूबाईंना ऐकवलं, मशीन चांगलं आहे, त्याला वेळेवर तेलही पाजत जा. तू तोंडावर हात धरून हसत होतीस. तो माणूस आता दिवसाला चार शब्द बोलत असेल, त्यातले दोन 'नको' असतात.

केंद्र म्हणजे जखमी कामगारांना मदत करणाऱ्यांची जागा. दवाखान्याच्या मागे, जिना चढून दोन खोल्या. एकीत हातापायाचे व्यायाम करून घेतात, दुसरीत फायली, आणि तिथेच दर गुरुवारी घरच्या माणसांची बैठक. खरं तर ह्यांनी जायचं होतं. हे उठेनात, म्हणून मी गेले. एकत्र बसून रडायचं, त्याने काय होणार, असं वाटलं होतं. पण तिथे एका क्रेनवाल्याची बायको येते. नवऱ्याचा डावा पाय गेलाय. ती म्हणते, दुकानदार काही अर्धा जोड देत नाही बाई, घरात डावे बूट साठलेत, कुणाला हवे असले तर सांगा. आम्ही सगळ्या हसतो. 

केंद्राच्या बाई बोलायला फटकळ, पण आमच्यासाठी त्यांनी चपला झिजवल्या. अर्ज त्यांनी लिहिला, भरपाईच्या कचेरीत माझ्याबरोबर दिवस दिवस बाकावर बसल्या. तरी अर्ज फेटाळला गेला, का तर पत्रा दाबायच्या ज्या प्रेसमध्ये हात गेला, तिचा गार्ड कामगाराने स्वतःच काढला होता. त्या दिवशी बाई घरी आल्या, ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "खरंच तुम्ही काढलात?" हे हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही हो म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. त्या पाणीही न पिता गेल्या.

ते खोटं होतं, चिमे. गार्ड म्हणजे प्रेसच्या तोंडावरची जाळी. ती खाली आल्याशिवाय प्रेस चालत नाही, म्हणून काम सावकाश होतं. सुपरवायझरने ती काढायला लावली. त्यातून ती चार नंबरची प्रेस खोडीची. एकदा पत्रा दाबला की मधूनच आपणहून पुन्हा खाली येते. ह्यांनी तीनदा सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. नंतर हॉस्पिटलात कारखान्याचे साहेब कागद घेऊन आले. म्हणाले, गार्ड मीच काढला असं लिहून द्या, म्हणजे कंपनीची ही खोली तुमच्याकडे राहील. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना घेऊन कुठे जाणार होते मी? हे माझ्याकडे बघत होते. द्या अंगठा, असं मी म्हणाले. डावा अंगठा घेतला. कागद मी धरला होता.

काल गुरुवारच्या बैठकीला एक नवीन बाई आली. नवऱ्याची तीन बोटं गेली, त्याच प्रेसवर. तिला साहेबांनी सांगितलं, गार्ड कामगारच काढतात, आधीच्यानेही काढला होता, त्याने तसं लिहून दिलंय. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी कुणाची बायको आहे ते तिला माहीत नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर उठून बसले. "किती बोटं?" म्हणाले. तीन, म्हटलं. परत आडवे झाले. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. वर्षभर घरी बसलेल्या तुझ्या नवऱ्याला आमच्याच कारखान्यात काम लागलं, सोमवारपासून चार नंबरच्या प्रेसवर. ती जागा रिकामी कशी झाली ते तुला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. उद्या मी बाईंना सगळं खरं लिहून देणार आहे. ह्यांना विचारलं, हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. खोली जाईल. कचेरीत कुणी ऐकेल याची मला आशा नाही, आणि ऐकलं तरी जाळी बसायला महिने जातील. सोमवार तीन दिवसांवर आहे. चिमे, त्याला पाठवू नकोस. तुझ्या घरात काय आहे आणि काय नाही ते मला ठाऊक आहे. बहिणीला माझं बरं बघवत नाही म्हण, माझ्यावर खुशाल दात धर, पण पाठवू नकोस. पत्र आणणारी बाई म्हणजे तीच क्रेनवाल्याची बायको. तू वाचून होईपर्यंत ती दारात थांबेल. माझं ऐकशील का, तेवढं तिला फक्त हो किंवा नाही सांग.

तुझीच,
ताई